खारं पाणी आलं का?

बाबांच्या निधनाच्या बातमीखाली पहिली प्रतिक्रिया त्याचीच पडली.

‘म्हातारा मेला? चला, स्वाहिलीची सुटका झाली. आता वर देवदूतांच्या कानांचं काही खरं नाही. माती कुठे, केव्हा, ते कळवा. त्या खड्ड्यात त्याच्या आधी मी आडवा होणार आहे.’

नाव : खारं पाणी. फोटोच्या जागी एक होडी.

मिंझाने फोन पालथा ठेवला. बाहेर अंगणात शेजारणी चटयांवर बसून कण्हल्यासारखं गात होत्या. आई भिंतीला टेकून होती. आणि हा माणूस, कुठल्याशा खोलीत पंख्याखाली बसून, मेलेल्या माणसाच्या भाषेवर दात विचकत होता.

बाबा सुकुमा जमातीचे. पार तिकडे सरोवराकाठच्या गुराख्यांतले. मिसरूड फुटल्यावर दारेसलामच्या बंदरात हमाली करायला आले आणि स्वाहिली शिकले ते पोती उचलता उचलता. ‘र’च्या जागी ‘ल’, शब्दांची शेपटं तुटलेली, मधेच गावाकडचा हेल. म्हातारपणी कोंबड्या पाळल्या आणि त्या कशा पाळायच्या हे फोनवर व्हिडिओ करून लोकांना सांगू लागले. लोक ऐकायचे. कोंबड्यांसाठी कमी, हसण्यासाठी जास्त.

मिंझा वाढली नैरोबीत, मावशीकडे. परत येऊन फार वर्षं झाली नव्हती. तिचं स्वाहिली ऐकूनही इथले दुकानदार एकमेकांना डोळे घालत, पण ते तिने कधीच मनावर घेतलं नाही. बाबांच्या व्हिडिओखालचं मात्र तिला वाचवत नसे. मटणावर माश्या बसाव्यात तसे लोक जमायचे. ‘काका, तुमची भाषा ऐकून कोंबडी अंडं परत पोटात घेते.’ ‘बैलाला माईक कोणी दिला?’ एकेक शब्द चिमटीत धरून, उलटा करून, एकमेकांना दाखवत खिदळायचे. यातल्या एकाला तरी दुसरी भाषा धड येत असेल का?

आणि या सगळ्यांच्या पुढे खारं पाणी. एकही दिवस खाडा नाही.

एकदा कोणीतरी लिहिलं, ‘असल्या अडाण्यांना शहरात येऊच देऊ नये.’ त्यावर खारं पाणी तुटून पडलं. ‘ए, तोंड आवर! या म्हाताऱ्याला शिव्या घालायच्या तर मी घालीन. तू कोण?’

कुत्रं हाड राखतं तसं, मिंझाला वाटलं होतं. तिला अजूनच किळस आली.

“बाबा, मी याला बंद करून टाकते.”

“राहू दे गं.”

“कशासाठी?”

“तो ओरडला नाही तर मी बोललो हे मला कळणार कसं?” बाबा हसले होते. लाज झाकायला हसतात, तसं. पण संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी विचारायचेच, “मिंझा, बघ जरा. खारं पाणी आलं का?” ते वाचून दाखवल्याशिवाय घास घेत नसत. म्हातारा माणूस खपली खरवडत बसतो, तसं ते तिला वाटायचं.

आता वाचून दाखवायला कोणी उरलं नव्हतं.

तिने फोन उचलला. त्याची वर्षानुवर्षांची घाण शोधून शोधून तक्रारीला जोडली. मैत्रिणींना, मावसभावंडांना तक्रारी करायला लावल्या. संध्याकाळपर्यंत होडी नाहीशी झाली. खातंच उडालं. मग तिने बातमीखालचं सगळंच पुसलं आणि माती कुठे, केव्हा, ते तिथे लिहिलंच नाही. नातेवाइकांना एकेक करून फोन केले. तुंबलेली मोरी फिनाईलने धुऊन काढावी, तसं तिला वाटलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिने छातीभर श्वास घेतला.

“बाबांच्या फोनवरून सगळ्यांना कळवलंस ना?” आईने विचारलं.

“हो आई. सगळ्यांना.”

“मग झालं,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दफनभूमीत प्रार्थना संपली. शवपेटीखाली दोर सरकवले गेले. तेवढ्यात आई खड्ड्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

“थांबा.”

“मिंझाच्या आई, ऊन वाढतंय,” पाद्री म्हणाले. “माणसं ताटकळलीत.”

“वाढू दे. ह्यांचा सोयरा यायचाय.”

म्हातारी माणसं झाडाखाली जाऊन बसली. एकानेही का म्हणून विचारलं नाही.

“कोण सोयरा, आई?” मिंझा कुजबुजली. “कसा दिसतो? मी फाटकाशी उभी राहते.”

आईच्या ओठांवर हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा.

“बघावं नाही लागत त्याला. आधी ऐकूच येतो. तुझ्या काकाच्या वेळी तू नैरोबीत होतीस, नाहीतर ओळखलं असतंस. आपल्यातला नाही तो, किनाऱ्यावरचा, झारामो जमातीचा. त्यांचं-आपलं नातं थट्टेचं, पणजोबांपासूनचं. जिवंत असेपर्यंत सोयऱ्याची टर उडवायची, मेला की त्याच्या खड्ड्यात आधी आपण आडवं व्हायचं, पोटभर शिव्या घालायच्या आणि मग आपल्या हाताने त्याला निजवायचं. आपण रडायचं, त्याने रडू द्यायचं नाही. हे दुसऱ्या कोणी करून चालत नाही गं. बंदरात पोती वाहिली दोघांनी एकत्र. तो आल्याशिवाय मला झाकू नका, एवढंच मागितलं तुझ्या बाबांनी.”

तिने मिंझाच्या हातातल्या फोनवर बोट ठेवलं.

“नंबर नाही माझ्याकडे. पण रोज यातच तर यायचा. बघ जरा, खारं पाणी आलं का?”