झोपलेली बकुळ

कलादालनाच्या अंगणात पाटी होती: 'खोडावर तळवा टेकवा, झाडाने ऐकलेलं ऐका. हात काढला, की आवाज बंद.' झाड म्हणजे सुमेधाच्या माहेरच्या परसातली बकुळ, मुळांसकट आणलेली. रेवाच्या जन्माआधीच आई गेली. लेकीला आजीचा आवाज एकदा तरी ऐकवायचा, म्हणून सुमेधा तिला घेऊन धावतपळत पोचली, तोवर दिवेलागण झाली होती.

तिने तळवा टेकवला. बराच वेळ दोघींच्या कानावर नुसती पाखरं, विहिरीवरचा रहाट. मग आई!

"सुमे, कितीदा सांगायचं गं? तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये. झोपलंय ना ते?"

सुमेधाने चटकन हात मागे घेतला. आवाज थांबला.

"लाव ना परत," रेवा म्हणाली.

"उद्या," डोळे पुसत सुमेधा म्हणाली, "उजाडल्यावर येऊ. आजी रागावते, ऐकलंस ना?"