फरक नाही

“चाललं एकदाचं!” बायको म्हणाली आणि सरांनी हातातला पेपर खाली ठेवला.

टेबलावर तो जुना घरगुती कॉम्प्युटर घरघरत होता. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली, पडदा वहीएवढा, फ्लॉपी घालायचा खण एकच. एके काळी सरांनी याच्यावर अख्ख्या गल्लीला टायपिंग शिकवलं होतं. मग तीस वर्षं तो माळ्यावर धूळ खात पडला. तीन आठवड्यांपूर्वी बायकोने तो खाली काढला आणि सरांची झोप उडाली ती उडालीच.

कारण तिच्या धाकट्या बहिणीचं पत्र याच यंत्रावर लिहिलेलं होतं. दादाशी, म्हणजे दोघींच्या थोरल्या भावाशी, लग्नावरून भांडून धाकटी यांच्याकडे राहायला आली होती. एका सकाळी ती घरात नव्हती. यंत्रात फ्लॉपी होती आणि फ्लॉपीत दीड पानाचं पत्र : मी माझ्या मर्जीने जातेय, मला शोधू नका. धाकटी पुन्हा कुणाला दिसली नाही. पोलिसांनी पत्र वाचून हात झटकले. दादानेच पोरीला नको नको ते बोलून घालवली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. बायकोने दादाशी बोलणं टाकलं.

आणि आता शिवणाच्या जुन्या डब्यात तिला दुसरी फ्लॉपी सापडली होती. लेबलावर त्याच पत्राचं नाव.

“दोन्ही सारख्या असतील तर ही तिनेच ठेवलेली प्रत,” ती म्हणाली होती. “पण एका शब्दाचा जरी फरक निघाला, तर हा कच्चा खर्डा. घर सोडून पळणारी पोरगी खर्डे करत बसते होय? मग ते दुसऱ्याच कुणीतरी तिच्या नावाने घोटून घोटून लिहिलंय.”

“उघडून वाच की मग.”

“माझ्याच्याने नाही वाचवणार ते पुन्हा. यंत्रालाच सांगू दे, सारखं आहे की नाही.”

तिच्या ऑफिसातल्या मोठ्या यंत्रांवर दोन फाइली ताडून बघणारा प्रोग्रॅम होता. तो या चिमुकल्या यंत्रात बसवायचा म्हणजे हत्तीला खुराड्यात कोंबायचं. रोज दुपारी ती काटछाट करत बसायची. काल तिने एका किराणा यादीची हुबेहूब प्रत काढून ताडली, तरी उत्तर आलं : फरक आहे.

सरांना केवढा हुरूप आला! “जाऊ दे गं. म्हातारं झालंय बिचारं, नाही जमायचं त्याला.”

पण ऐकेल तर ती बायको कसली! तिने खोट शोधलीच. फाइल संपली तरी फ्लॉपीवरच्या शेवटच्या कप्प्यात जुना कचरा उरायचा आणि प्रोग्रॅम तोही ताडत बसायचा. फाइल संपते तिथेच थांबायचं, हे तिने त्याला शिकवलं. आज याद्या अचूक ताडल्या गेल्या.

“दादाचं नाव निघालं तर?” सरांनी शेवटचा प्रयत्न केला. “तोही इथेच टायपिंग शिकलाय. सख्खा भाऊ आहे तुझा. कशाला उकरून काढतेस?”

“भीती मलाही वाटतेय हो. पण आता मागे नाही फिरायचं.”

तिने पर्समधून दोन्ही फ्लॉप्या काढल्या. तीन आठवडे ती पर्स तिने नजरेआड केली नव्हती, आंघोळीलाही बरोबर न्यायची. सरांना ते चांगलं ठाऊक होतं.

पहिली फ्लॉपी तिने घातली. यंत्राने करकरत पत्र पोटात घेतलं आणि पडद्यावर ओळ आली : दुसरी घाला, कळ दाबा.

तिने दुसरी उचलली मात्र, तिचा हात लटलटा कापायला लागला. “अहो, तुम्हीच घाला. मला नाही बघवत.” फ्लॉपी त्यांच्या मांडीवर टाकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून ती खिडकीकडे वळून उभी राहिली.

या फ्लॉपीत कितवं पत्र होतं, देव जाणे. चार वेळा लिहिलं होतं त्यांनी ते. पहिल्या खेपेला धाकटीचं नाव घालायचंच राहून गेलं होतं. शेवटचं सोडून बाकीच्या तिन्ही फ्लॉप्या आपण जाळल्या, अशी तीस वर्षं त्यांची खात्री होती.

त्यांनी पहिली फ्लॉपी बाहेर काढली. खणाचा खटका वाजला. तीच पुन्हा आत सरकवली. खटका परत वाजला. दुसरी मांडीवर तशीच पडून होती. त्यांनी कळ दाबली.

यंत्र करकरलं, थांबलं.

“काय आलं?” तिने न वळताच विचारलं.

“फरक नाही!” सरांचा आवाज फाटला. घाईघाईने त्यांनी दोन्ही फ्लॉप्या पाकिटात घातल्या. “ये, बघ. एका अक्षराचा फरक नाही. तिनेच लिहिलंय गं. कुणाचा काही दोष नाही.”

तिने येऊन ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग खुर्चीत बसून हमसून हमसून रडली. सरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“तू बस. मी चहा टाकतो.”

स्वयंपाकघरात ते ओट्याला टेकले. जीव भांड्यात पडला होता. पाण्याला उकळी येईपर्यंत, ती फ्लॉपी कशी नाहीशी करायची हेसुद्धा त्यांचं ठरवून झालं.

बाहेर ती फोनवर बोलू लागली.

“दादा, मी बोलतेय.”

सरांच्या हातातला चमचा थांबला. तीस वर्षांत या घरातून दादाला फोन गेला नव्हता, निदान त्यांना तसं वाटत होतं. आणि तिचा आवाज जराही कापत नव्हता.

“तू म्हणालास तसंच झालं. त्याने ती घातलीच नाही. दुसरी फ्लॉपी कोरी होती रे, दादा.”