झोपेचं सामान

पंखा काढायला वायरमन स्टुलावर चढला, तेव्हा भाऊ खाली उभा राहून त्याला बजावत होता, "पाती पुसू नकोस. तेल घालू नकोस. कुरकुरतोय तसाच मला हवाय."

वायरमनने बरेच पंखे काढले होते, पण कुरकुर जपा म्हणणारं गिऱ्हाईक पहिलंच. तो स्क्रू ढिले करू लागला. पैसे मोजणाऱ्याला शहाणपण कोण शिकवणार?

ताई दारात उभी होती. मागच्या महिन्यात हा धाकटा भाऊ वाट वाकडी करून तिच्याकडे जेवायला आला होता आणि जेवून तिथेच आडवा झाला, तो सकाळपर्यंत ढाराढूर. त्याच्या घरी खोलीखोलीत एसी, आणि गोळी घेतल्याशिवाय डोळ्याला डोळा लागत नाही. अशा माणसाला फुकटात झोप लागली तर तो काय करेल? पुन्हा येईल, असं ताईला वाटलं. खुळीच ती. दुसऱ्याच दिवशी टेम्पो आला आणि तिची गादी घेऊन गेला. बदल्यात आली ती महागडी, बसलं की माणूस आत गडप. ताईची पाठ धरली, आणि भावाला जुन्या गादीवरही झोप आली नाही. म्हणून आज पंखा.

"अरे, पंखा कशाला नेतोस? तूच येऊन झोपत जा की," ताई म्हणाली. "तेवढंच दोन शब्द बोलणं होईल."

"इथे? रोज?" भावाने खोलीभर नजर फिरवली. "ताई, माझ्या एका तासाची किंमत काय असते, तुला कल्पना नाही. आणि गाडी कुठे लावू?"

ताईचे यजमान खुर्चीत पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "त्या रात्री मी घोरतही होतो. ते तेवढं न्यायचं राहिलं."

भावाने खरोखर विचार केला. "भावजी, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवाल?"

तो थट्टा करत नव्हता. थट्टा करायला लागणारी अक्कल त्याने कधी विकत घेतलीच नव्हती.

पंखा उतरला. वायरमन नवा पंखा आणायला खाली गाडीपाशी गेला आणि खोलीत उकडायला लागलं. कुणी चुकून पाती पुसेल म्हणून भाऊ पंख्याशेजारी फरशीवरच राखण करत बसला. मग भिंतीला टेकला. मग कोट काढून लवंडला. "दोनच मिनिटं," म्हणाला, आणि त्याचं तोंड उघडं पडलं.

ताईने यजमानांच्या हातातला पेपर काढून घेतला, त्याची घडी केली आणि भावाच्या उशाशी बसून वारा घालू लागली. नवा पंखा घेऊन वायरमन आला, तर तिने ओठांवर बोट ठेवून त्याला दाराबाहेरच थांबवलं. एक हात भरून आला की ती दुसऱ्या हाताने वारा घाली. तिला फार बरं वाटत होतं. एवढ्या बड्या माणसाला देण्यासारखं तिच्याकडे काहीतरी निघालं होतं.

उन्हं कलली तेव्हा भाऊ जागा झाला. उठून बसला, आळोखेपिळोखे दिले. चेहरा कसा टवटवीत झाला होता.

"झोपलो मी," तो म्हणाला. "ताई, गोळी न घेता झोपलो!"

"हो रे राजा," ताई म्हणाली. तिच्या हातातला पेपर अजून हलतच होता.

भावाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो खालच्या फरशीवरून हात फिरवत होता, बोटाने सांधे चाचपत होता. मग त्याने दाराकडे बघून वायरमनला हाक मारली.

"फरशी उखडणारा कुणी ओळखीचा आहे का रे? एकही तुकडा फुटता कामा नये."