शोभेची खडी

आईच्या कुरडया वाचल्या. पण कशा, ते ऐका: सोसायटीचा इन्स्पेक्टर फूटपट्टी घेऊन अंगणात शिरला.

ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या आमच्या वसाहतीत घरापुढे फक्त खडी आणि निवडुंग चालतात. आईने मात्र तिथे धोतर अंथरून पन्नास कुरडया घातल्या होत्या. रविवारी बायकोचं डोहाळजेवण, त्यासाठी आईने तीन दिवस गहू भिजवले होते.

"हे काय? नियमात नसलेलं सगळं मी कचऱ्यात टाकतो," इन्स्पेक्टर म्हणाला आणि वाकला.

आई पाखरं हाकायची काठी घेऊन उठली. "हात तर लावू दे मेल्याला!"

घाबरून माझ्या तोंडून निघालं, "शोभेची खडी आहे."

त्याने एका कुरडईला फूटपट्टी लावली, ती नखाने वाजवली. "तण उगवू नये म्हणून खाली कापडही घातलंय. उत्तम!" त्याने मंजुरीचा शिक्का मारला. "आता समितीच्या परवानगीशिवाय यातला एकही दगड हलवायचा नाही."

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तिथेच अर्ज लिहायला बसलो.

"महोदय, रविवारी अंगणातील पन्नास दगड तळून खाण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."