हात वर करा

फौजदार गुरुदास वर्गाच्या दारात आला तेव्हा सुविधा टीचर फळ्यावर प्रश्न लिहीत होती: काल तुम्ही काय केलं? उत्तर इंग्रजीत, पूर्ण वाक्यात.

नववीतून उत्तर येणार नाही हे तिला ठाऊक होतं. आज मुलं तिच्याही आधी शाळेत येऊन नळापाशी घोळका करून होती, एवढंच नवल.

ती दाराशी गेली. गुरुदासने आवाज खाली आणला. पण वर्ग इतका गप्प, की शेवटच्या बाकापर्यंत सगळं ऐकू गेलं.

"टीचर, गौरेश गावलो. काजीच्या डोंगरार. कोणी तरी मारून टाकल्यान तेका."

गौरेश तिचा नवरा. रात्रभर तो घरी आला नव्हता. त्यात नवीन काही नव्हतं. सुविधाला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग त्या वाटण्याची लाज वाटली. भीती त्यानंतर आली.

"काल दिसभर तुमी खंय होतात?"

काल ती केरीच्या धक्क्यावर बसून नदीपलीकडचं तेरेखोल बघत राहिली होती. ओळखीचं कुणी भेटलं नाही. भेटू नये म्हणूनच तर ती तिथवर गेली होती.

"शनवारचा तुमचा बोलणा सगळ्या गावान ऐकलाहा," गुरुदास म्हणाला. "तुमच्या दीरान तुमचाच नाव घेतल्यान."

शनिवार! इंग्रजीच्या तासाला हा वर्ग मिठाची गुळणी धरून बसायचा. आधीच्या मास्तरांनी छड्या मोडल्या, तोंडं उघडली नाहीत. सुविधाने आल्या आल्या छडी चुलीत घातली. घरी रोज मार खाणारी बाई शाळेत छडी कशी धरणार? "एकट्याक भय दिसता मां? मग सगळ्यांनी मिळून करा," ती सांगायची. "प्रत्येकाच्या वाट्याक थोडाच येता." बोलायला विषय हवा म्हणून तिने घरातली एकेक वस्तू आणायला सांगितली. दिवस काजूचे. सगळ्यांनी एकच वस्तू आणली: टोकाला खिळा ठोकलेली, खाली पडलेली बोंडं टोचून उचलायची काठी.

त्या काठ्यांवर बोलणं सुरू होणार, तोच गौरेश उर्राक पिऊन वर्गात घुसला. त्याच्या रागाला कारण लागायचं नाही. त्याने कोपऱ्यातली एक काठी उचलली आणि मुलांसमोर तिला बडवायला सुरुवात केली. पाठीवर, हातांवर, ती खाली बसली तेव्हा डोक्यावर. खिळा खांद्यात रुतला आणि बाही फाडत खाली आला. पहिल्या बाकावरच्या पल्लवीच्या वहीवर रक्ताचे थेंब उडाले.

धाप लागल्यावर तो वर्गाकडे वळला. "तुमी बोलनात नाय, म्हणता तुमची टीचर. आता बोला! कोणाक काय सांगूचा आसा? हात वर करा!"

एकही हात वर झाला नाही. तो हसला, फरशीवर थुंकला आणि चालता झाला.

तेव्हा व्हरांड्यात जाऊन सुविधा आयुष्यात पहिल्यांदा ओरडली, "एक दिस तुका मारून टाकतलंय!" मग परत येऊन रुमालाने खांदा दाबत तिने मुलांना सांगितलं, "काठ्यो घरी व्हरा. उद्या काजीत लागतल्यो. सोमवारी परत हाडा, बोलूचा रवलाहा."

आता तिचंच बोलणं तिच्या गळ्याशी आलं होतं. तिने तोंड उघडलं, शब्द फुटेना. इंग्रजीच्या तासाला मुलांचं काय होत असेल ते तिला आज कळलं.

"सर."

पल्लवीचा हात वर होता. नाव पुकारलं तरी बाकाखाली डोकं घालणारी पल्लवी!

"टीचर वॉज विथ अस, सर."

"होल डे," योगेश उठला. "सातेरी टेंपल."

"इंग्लिश क्लास, सर."

"टीचर टीच. वी लर्न."

हातांमागून हात वर जात होते. गुरुदास गोंधळला. "आयतवारी? कोण कोण होतात?"

"वी ऑल," पल्लवी म्हणाली. "ऑल टुगेदर. मॉर्निंग टू इव्हनिंग. नोबडी वेंट एनीव्हेअर."

सुविधाचे डोळे भरून आले. वर्षभर एका वाक्यासाठी तिने जीव टाकला होता. आज तिच्यासाठी ही पोरं खोटं बोलत होती, तेही तिने शिकवलं तसं, प्रत्येकाने थोडं थोडं.

"होय," ती म्हणाली. "आमी देवळात होतंव."

गुरुदास हसला. "बरी शिकयल्यात हां. माझो झिल इंग्लिश शाळेत जाता, पण इतक्या बोलना नाय."

व्हरांड्यात तो टोपी चढवत थांबला. "खरा सांगतंय टीचर, तुमचा ह्या काम न्हय, ता माकाय दिसलाच होता. एकट्या माणसाचा कामच न्हय ह्या. आंगभर बारीक बारीक भोकां. खोल एकूय नाय. पण मोजूक गेल्यार मती गुंग."

जीप गेली. सुविधा वर्गात परतली. मुलांचे हात अजून वरच होते.

"हात खाली करा," ती म्हणाली.

हात खाली आले तेव्हा तिला शेवटच्या बाकामागचा कोपरा दिसला. सांगितल्याप्रमाणे मुलांनी काठ्या परत आणल्या होत्या. सगळ्या स्वच्छ धुतलेल्या. खिळ्यांवरून अजून पाणी ठिबकत होतं.