खुर्चीचा पाय

शेजाऱ्याचं डोकं फोडणाऱ्या सुदामला कोर्टानं चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. अट एकच: दर गुरुवारी बुवापाड्यातल्या केंद्रात समुपदेशक मॅडमशी बोलायचं. कुणी दुरावलं की तो आधी मोडतोड करायचा, मग रडायचा. एका गुरुवारी अर्धा तास झाला तरी मॅडम आल्या नाहीत. 'हिनंही टाकलं आपल्याला,' म्हणत त्यानं खुर्ची भिंतीवर आपटली. तिचा पाय निखळला, तोच मॅडम दारात आल्या. आता तुरुंगच, असं धरून त्यानं मान खाली घातली. मॅडम म्हणाल्या, "उशीर मी केला, निरोपही दिला नाही. माझं चुकलं. खुर्ची तुम्ही मोडलीत, ती तुम्हीच नीट करायची. रिपोर्टात दोन्ही लिहीन." त्याच्यापुढे आजवर कुणी चूक कबूल केली नव्हती. निखळलेला पाय उचलत तो पुटपुटला, "हातोडी मिळेल?" मॅडम ती आणून, त्याच्या हातात देऊन समोरच बसल्या.