बाराच्या आधी घोट नाही

लातूरच्या डॉक्टरांनी रेवणप्पांना साखर उतरवायला रोज रात्री आठपासून दुपारी बारापर्यंत उपाशी राहायला सांगितलं. आयता उपाशी माणूस सापडला म्हणून गल्लीनं टँकरसाठीच्या साखळी उपोषणात सकाळची पाळी त्यांनाच देऊन टाकली.

तिसऱ्या आठवड्यात नायब तहसीलदार टँकरचा आदेश आणि मोसंबीचा रस घेऊन मांडवात आले. अकरा वाजले होते.

"बाराच्या आधी घोट न्हाई, साहेब. आत्ता कुठं साखर उतराय लागलीया."

"अहो अप्पा, उपोषण सुटल्याशिवाय मला आदेश देता येत नाही!"

"घ्या की वो," शेजारच्या नीलम्मा ओरडल्या, "घागरी कोरड्या पडल्यात!"

"तासाचा तर सवाल हाय. बसा साहेब, सतरंजीवर."

साहेब बसले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत टँकर आला, आणि पेपरही: 'पाण्यासाठी आता नायब तहसीलदारही उपोषणाला!'